ज्याची तोरडी, त्याची बाई

मी एक तोरडी बोलतेय, पायातली. तुम्ही ‘तोरड्या’ म्हणाल, कारण आम्ही जोडीनं असतो. पण माझी जोडीदारीण चोरीला गेली, तेव्हा आता एकटीचंच ऐका. रंगावरून मला लोखंडाची समजू नका. अस्सल चांदीची आहे मी. हा काळा थर आगीचा आहे. आणि वास येतोय म्हणाल, तर तो काही केल्या जात नाही. चिंच लावून झाली, राखेनं घासून झालं, दात घासायची पेस्टही चोळून पाहिली लोकांनी. वास माझ्या कड्याकड्यांत जाऊन बसलाय. मी चिडकी आहे, नाक मुरडणारी आहे, हे आधीच सांगून टाकते. माझी हकिकत ऐकल्यावर तुम्हालाही नाक मुरडावंसं वाटलं, तर ते कुणाकडे पाहून मुरडायचं ते तुम्हीच ठरवा.

अमरावतीच्या सराफ्यात मोतीराम नावाच्या सोनारानं मला घडवलं. त्याच्या तोंडात सदा तंबाखूचा तोबरा, आणि त्याच तोंडानं तो फुंकणी फुंकायचा. मी आणि माझी बहीण एकाच मुशीतल्या रसातून निघालो, पण जगाचा पहिला वास घेतला तो तंबाखूचा. हात मात्र त्याचा चांगला होता. बारीक कड्या गुंफून त्यानं आमची साखळी केली, खाली जोंधळ्याएवढी घुंगरं लावली, आणि अडकवायच्या पेचावर एक मोर कोरला. माझ्या मोराची मान जरा वाकडी गेली. मोतीरामनं ती तशीच ठेवली. म्हणाला, “नजर नाई लागत वाकड्याले.” किती खोटं बोलला तो, ते पुढं कळलंच.

आम्हाला नेलं गंगूबाईनं. तिवस्याजवळच्या एका गावातली माळीण. ओलिताचं वावर, त्यात वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, धुऱ्याच्या बांधावर झेंडू. ही बाई आम्हाला घालून वाफ्यात उतरायची! टाचांना भेगा, भेगांत काळी माती, आणि पाणी दिल्यावर ती माती अशी चिकटायची की घुंगरांचा आवाजच बंद व्हायचा. संध्याकाळी ओट्यावर बसून ती चिंचेच्या कोळानं आम्हाला घासायची, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडायचा. मी फार कुरकुरायची तेव्हा. आता वाटतं, किती स्वच्छ होती ती माती.

गंगूबाईची एक सवय होती. गावात कुणाचं लग्न निघालं की ती कुंपणाजवळ उभी राहून हाका मारायची.

“ओ वं शालिकरामची माय! तोरड्या नेजो वं माह्या! पोरीचे पाय बोडके दिसून राह्यले!”

सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. नवरीही ऐकायची आणि नवरीची सासूही. कुणाला त्यात काही वाटायचं नाही. माळ्यांच्या त्या गल्लीतल्या कितीतरी पोरी आम्हाला पायात घालून बोहल्यावर उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी आम्ही हळद लागलेल्या, अक्षता अडकलेल्या घरी परत. कुणाच्या अंगावर काय कुणाचं आहे, हे सगळ्या गावाला तोंडपाठ. त्यामुळं काही हरवलं नाही, आणि कुणी कुणावर वहीमही घेतला नाही.

गंगूबाई गेली आणि आम्ही तिच्या सुनेकडं आलो, जयवंताबाईकडं. तिनं कुंपणावरच्या हाका बंद केल्या. “आपला दागिना दुसऱ्याच्या पायात दिसला म्हंजे आपली इज्जत गेली,” असं तिचं म्हणणं. आम्हाला तिनं स्टीलच्या डब्यात कोंबलं, डबा कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला. आणि हीच बाई घराच्या वास्तुशांतीला शेजारणीची एकदाणी गळ्यात घालून मिरवली! पाहुण्यांनी विचारलं तर खुशाल म्हणाली, “माह्या माहेरची हाये.” नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

बरं, तिचं एकटीचं कशाला सांगू? हळूहळू सारं गावच तसं झालं. दागिने मागून आणणं काही थांबलं नाही. थांबला तो फक्त आवाज. आता दागिना पदराखालून यायचा आणि पदराखालूनच परत जायचा. अंगावर चढला की आपला म्हणायचा. ही लाज कुठून आली कोण जाणे, पण ती आली आणि तिनं माणसं खाल्ली.

जयवंताबाईच्या मुलाचं नाव किशोर. त्याची बायको रागिणी. ती सेमाडोहकडची, मायबाप लहानपणी गेलेले, काकानं वाढवून लग्न लावून दिलेली. घरात आली तेव्हा मान वर करून बोलायची नाही. तिला एक मुलगी झाली, हर्षा. आणि एक मैत्रीण मिळाली, ती शेजारच्या मैनाबाईची दामिनी. मैनाबाई विधवा. मायलेकी तिवस्याच्या बाजारात भाजीचं दुकान मांडायच्या. दामिनी मोठ्यानं हसायची, इतकं की जयवंताबाई दार लावून घ्यायची. रागिणी मात्र ते हसू ऐकायला मुद्दाम परसात यायची.

मग ते लग्न आलं. नात्यातलं, मूर्तिजापूरच्या पुढं अकोला रस्त्यावरच्या एका लॉनमध्ये. गावातून बस निघाली. किशोरला माल घेऊन बाजारात जायचं होतं, हर्षाला ताप होता म्हणून जयवंताबाई तिच्याजवळ थांबली. रागिणी एकटी निघाली. चार लोकांत सुनेचे पाय बोडके दिसू नयेत म्हणून जयवंताबाईनं आम्हाला डब्यातून काढलं आणि बजावलं, “कोनाले द्याच्या नाई. सांगून ठेवतो.”

त्याच बसमध्ये दामिनी होती. मूर्तिजापूरकडचे कुणी पाहुणे लग्नात तिला लांबून पाहणार होते. पसंत पडली तर मग रीतसर बोलणी. तिनं आईची जरीची साडी नेसली होती, हातात बांगड्या होत्या, पण पायात काही नव्हतं. बायकांच्या खोलीत रागिणी तिच्याकडं बघत राहिली आणि एकदम खाली बसून तिनं आमचे पेच फिरवले.

“हे घाल. तुले पाहून राहिले ना थे लोक.”

“वहिनी, तुमच्या सासूले समजलं तं?”

“तिले कोन सांगते? बसमंधी बसाच्या आंधी वापस देजो.”

दामिनीनं आम्हाला घातलं आणि लगेच आईला फोन लावला. “आई, वहिनीनं आपल्या पायातल्या तोरड्या मले देल्ल्या. ऐक, कशा वाजून राहिल्या!” असं म्हणून तिनं फोन खाली पायाजवळ धरला आणि पाय आपटला. आम्ही दोघी जीव तोडून वाजलो. रागिणीचे पाय बोडके राहिले होते, फक्त जोडवी तेवढी होती. ती हसत होती. मी तिला हसताना शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

आता आगीचं थोडक्यात सांगते. भर दुपारी, मंडपात वारा नाही, वर कापडाचं छत आणि छताला प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा. हार घालताना नवरदेवाच्या दोन्ही बाजूंनी आतषबाजी उडाली पाहिजे म्हणून कुणीतरी हट्ट धरलेला. व्हिडिओत छान दिसतं म्हणे. ठिणगी छताला लागली. मागचं दार कुलूपबंद होतं, कारण बोलावल्याशिवाय कुणी जेवायला घुसू नये. फुकटचा एक घास वाचावा म्हणून लावलेलं ते कुलूप! दामिनी त्या दाराशी पडली. रागिणी गर्दीत कुठं गेली ते मला दिसलं नाही. छत खाली आलं. मी जमिनीलगत होते म्हणून वितळले नाही, पण ज्या पायाला मी होते तो पाय माझ्या आत थंड होत गेला, आणि मी काहीच करू शकले नाही.

गेलेल्यांना ठेवायला जवळपास तेवढी मोठी जागा नव्हती. म्हणून एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये ओळीनं बर्फाच्या लाद्या मांडल्या आणि त्यावर त्या सगळ्यांना. पंखे लावले तशी कोपऱ्यांतली जुनी रुई उडायला लागली. ती ओल्या अंगांवर येऊन चिकटत होती. बर्फाचं पाणी काळं होऊन दाराकडं वाहत होतं आणि बाहेर एक कुत्रं ते चाटत होतं. मला वांती करता आली असती तर मी केली असती.

पण खरी किळस त्याची नाही आली. मेलेलं माणूस घाण नसतं हो. जळलेलं, सुजलेलं, फुटलेलं असेल, पण घाण नसतं. घाण आली ती पायांवर चालत आली.

एक पुढारी आला. त्याच्या मागं त्याचे लोक, त्यांच्या मागं कॅमेरे. तोंडाला रुमाल लावून त्यानं हात जोडले, बाजूच्या माणसाला विचारलं, “घेतला का?” आणि फोटो नीट आला नव्हता म्हणून पुन्हा हात जोडले. त्याची माणसं दारात उभी राहून गिला वडा खात होती. एकानं तेलकट हात पुसायला काही मिळेना म्हणून प्रेतांवर घालायला आणलेल्या पांढऱ्या चादरींच्या गठ्ठ्यालाच पुसले. पोरंटोरं मोबाइल उंच धरून ओळीतून फिरत होती. “हिचा चेहरा पाह्य ना बे,” असं एक दुसऱ्याला म्हणाला, एखादी मिरवणूक बघायला आल्यासारखा.

आणि मग तो सेवेकरी. गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याच्या बाटल्या. चादर सरळ करायला वाकला आणि माझ्या बहिणीचा पेच फिरवून तिला खिशात घातलं. माझा पेच उष्णतेनं जाम झाला होता म्हणून मी राहिले. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात, हे गंगूबाईच्या तोंडून ऐकलं होतं. त्या दिवशी त्याची बोटं माझ्या अंगावरून फिरली. घाम आलेला होता त्याला. तो घाम मी अजून विसरले नाही.

त्या शेडमध्ये एकच बाई होती जी नाकाला रुमाल न लावता काम करत होती. डॉक्टर आकांक्षा. गेलेल्यांची ओळख पटवण्याचं काम तिच्याकडं होतं. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचे फोटो, अंगावरचं जे आहे ते जिथल्या तिथं. लोकांनी मदत म्हणून मंडपातले सुटे दागिने गोळा करून एका घमेल्यात आणून ओतले, तेव्हा ती कपाळावर हात मारून खालीच बसली. जोडवी, डोरली, नथी, पैंजण, सगळं एकत्र. कोणतं कुणाजवळ पडलं होतं हे आता देवालाही सांगता येणार नव्हतं.

तिनं नातेवाइकांना एका बाजूला उभं केलं आणि समजावलं. “चेहरा जळलाय. कपडे आणि दागिने यांच्यावरून मी कुणालाही सोपवणार नाही. ती कच्ची ओळख झाली. दात, बोटांचे ठसे आणि रक्त, ही पक्की. प्रत्येक घरातल्या एकाचं रक्त घेणार, प्रत्येक मयताचा नमुना घेणार. थोडे दिवस थांबावं लागेल.” मग तिनं एक प्रश्न विचारला. “आणि खरं सांगा, आपल्या माणसाच्या अंगावर कुणाचं मागून आणलेलं काही होतं का? किंवा आपलं कुणाला दिलं होतं का?”

शेडमध्ये एवढी माणसं, पण सगळी जमिनीकडं बघायला लागली. मला माहीत होतं, तिथल्या निम्म्या अंगांवर दुसऱ्याचं सोनं होतं. कुणाची पोत शेजारणीची, कुणाच्या बांगड्या नणंदेच्या. जाणाऱ्या बायकांनी ते घरी सांगितलं नव्हतं, आणि ज्या घरांना माहीत होतं ती सोयऱ्यांसमोर बोलायला तयार नव्हती. माणूस गेलं तरी चालेल, पण मागून घातलं होतं हे लोकांना कळता कामा नये. असली कसली रे ही इज्जत?

एकटी मैनाबाई पुढं आली. तिवस्याहून मिळेल त्या गाडीनं आली होती, पायात चप्पल नव्हती.

“माह्या पोरीच्या पायात तोरड्या होत्या. रागिणीच्या. तिनंच घालाले देल्ल्या. फोनवर ऐकल्या मी.”

तेवढ्यात जयवंताबाई किशोरला घेऊन आत आली. ओळीतून चालत ती माझ्यापाशी थांबली. वाकून तिनं पेचावरचा मोर पाहिला, त्याची वाकडी मान पाहिली, आणि छाती पिटून घेतली. “हे पाहा! माह्या सासूची तोरडी! हेच माही सून! अवं रागिणी वं!” किशोर भिंतीला धरून रडायला लागला.

“जयवंता, थे माही दामिनी हाये,” मैनाबाई म्हणाली. आवाज लहान होता तिचा. “तोरडी तुही हाये, पोरगी माही हाये. पायाची बोटं पाहा ना तिच्या. जोडवी कुठी हायेत? माह्या पोरीचं लगन नोतं झालं.”

डॉक्टर लगेच वाकली. तिनं बोट स्वच्छ करून पाहिलं आणि म्हणाली, “बरोबर आहे. जोडव्याचा वळसुद्धा दिसत नाही. थांबा, हा देह कुणाला देऊ नका.”

मला वाटलं, सुटलो दोघी. पण जयवंताबाई मागं हटणाऱ्यांतली नव्हती.

“वळबीळ काय लावलं? जळलेल्या बोटावर काय दिसते? दोन तोरड्या होत्या, एक कोनी चोरली का नाई? तं मंग जोडवी नाई चोरली कशावरून?” मग ती मैनाबाईकडं वळली. “माह्या घरची तोरडी तुह्या पोरीच्या पायात कशी येईन? आमी काय दागिने वाटत फिरतो? चांदी दिसली म्हनून रडून राहिली काय वं?”

मी तिथंच, त्या पायात, सगळं ऐकत होते. ओरडता आलं असतं तर ओरडले असते, मला तिनं दिलं होतं, हिच्या पायात तिनं स्वतः घातलं होतं! पण चांदीला कोण विचारतं? माझ्यावरून त्यांनी माणूस ओळखलं, आणि मी काय म्हणते ते मात्र कुणाला नको होतं. ज्याची तोरडी, त्याची बाई. एवढं सोपं गणित.

डॉक्टरनं सही करायला नकार दिला. तेव्हा एक अधिकारी तिच्या कानाशी येऊन म्हणाला, “मॅडम, उद्या मोठे साहेब येणार आहेत. त्याच्या आत शेड रिकामी पाहिजे. लोक ओळख पटली म्हणतायत ना? द्या मग.” डॉक्टर म्हणाली, “लोकांची समजूत पटलीय. ओळख पटलेली नाही.” तो हसला आणि सही त्यानं केली. डॉक्टरनं आपली हरकत लिहून दिली आणि एक काम तेवढं कुणाला न जुमानता केलं. नेण्याआधी त्या देहाची एक दाढ, पुढं रक्ताशी जुळवून पाहायला, काढून ठेवली आणि किशोरला दटावून घरी तापात असलेल्या हर्षाचं रक्त मागवलं.

चिमट्यानं माझा पेच मोडून मला काढलं गेलं आणि जयवंताबाईच्या पिशवीत टाकलं. पिशवीतून मला शेवटचं ऐकू आलं ते अधिकाऱ्याचं आणि मैनाबाईचं बोलणं. शेडमध्ये एक देह असा उरला होता, की त्याचे पायच राहिले नव्हते, अंगावर काही नव्हतं, ओळखण्यासारखं काहीच नव्हतं. अधिकारी मैनाबाईला म्हणत होता, “बाई, हीच असेल तुमची. घेऊन जा. इतक्या लांबून आलात, रिकाम्या हातानं कशाला जाता?”

बाजारात उरलेली वांगीसुद्धा असं म्हणून कुणी कुणाच्या गळ्यात मारत नाही. मैनाबाई एवढंच म्हणाली, “माही नाई थे. माही थे घेऊन चालले.” आणि मग डॉक्टरला, “घ्या माहं रगत.”

घरी मला घासलं, पुन्हा पुन्हा घासलं, आणि डब्यात टाकलं. डब्यातून मी सगळं ऐकलं. किशोरनं अग्नी दिला. बायका गळ्यात गळे घालून रडल्या. तेरवीला गावजेवण झालं, आलेल्यांनी वांग्याच्या भाजीची तारीफ केली. आणि कुंपणापलीकडं मैनाबाईच्या घरात चूल पेटत नव्हती, कारण तिच्या पोरीचं काय करायचं हेच तिला कळत नव्हतं. सुतक धरायचं तर देह नाही. न धरायचं तर पोरगी नाही. ती रोज कुणाच्या तरी गाडीवर बसून अमरावतीला जायची, डॉक्टरच्या दारात थांबायची आणि परत यायची. लोक तिला वेडी म्हणायला लागले. जयवंताबाईनं तर तिच्याशी बोलणंच टाकलं. मग एके दिवशी त्याच ओट्यावर, जिथं गंगूबाई मला घासायची, किशोरसाठी दुसरी मुलगी पाहायची बोलणी सुरू झाली. लेकराले माय पाहिजे, असं सगळे म्हणत होते.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरनं दोन्ही घरांना अमरावतीला बोलावलं. येताना तोरडी आणा, असा निरोप होता. म्हणून मीही गेले, जयवंताबाईच्या पर्समध्ये, पावडरच्या डबीशेजारी. पर्सची चेन अर्धी उघडी होती, त्यामुळं दिसतही होतं.

डॉक्टरनं आडपडदा ठेवला नाही. “किशोरभाऊ, तुम्ही ज्यांना अग्नी दिला त्या रागिणी नव्हत्या. ती मैनाबाईंची दामिनी होती. काढून ठेवलेली दाढ त्यांच्या रक्ताशी जुळलीय. आणि रागिणी इथं आहेत. शेडमध्ये जो देह उरला होता, तो त्यांचा. हर्षाच्या रक्ताशी जुळला. तेव्हापासून आम्ही तो शीतपेटीत ठेवलाय.”

मैनाबाईनं किशोरकडं पाहिलं.

“माह्या पोरीले अग्नी तू देल्ला ना रे?”

“हो मावशी.”

“कोनी रडलं का तिच्यासाठी?”

“मी रडलो ना मावशी. रागिणी समजून रडलो.”

“रडलं ना कोनी तरी,” मैनाबाई म्हणाली. “अस्थी?”

“कौंडण्यपूरले, नदीत सोडल्या.”

मैनाबाईनं पदर तोंडात कोंबला. तिला शिव्या द्यायचा हक्क होता. मी वाट पाहत होते, आता देईल, आता देईल. तिनं दिल्या नाहीत.

डॉक्टरनं किशोरपुढं कागद सरकवला. “रागिणींना घेऊन जायचं ना?”

त्याच्याआधी जयवंताबाई बोलली. “आता कशाले नेता? तेरवी झाली आमची. एका बाईची दोनदा माती करत असते का कोनी? घरात लेकरू हाये. पाहुने येऊन राहिले याच्यासाठी, थे काय म्हनतीन, की यायच्या घरात अजून सुतक सुरू हाये? तुमचं जे काय असन थे तुमीच करून टाका.”

“आई…” किशोर म्हणाला.

“गप राह्य.”

आणि तो गप राहिला. मोठा बाप्या, बायकोसाठी भिंतीला धरून रडलेला, दोन शब्दांनी गप राहिला. डॉक्टरनं सेमाडोहच्या काकाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “लगन लावून देल्लं मी तिचं. आता सासरचे पाहतीन.” फोन ठेवला. आगीचा वास मला तेव्हा काहीच वाटला नाही. त्या खोलीत त्याहून वाईट वास सुटला होता.

“मंग हिले कोन नेते?” मैनाबाईनं विचारलं.

जयवंताबाई दाराकडं बघायला लागली. मैनाबाईनं पदर खोचला.

“मी नेतो.”

डॉक्टरनं तिच्याकडं नीट पाहिलं. “मावशी, कागदावर नातं लिहावं लागतं. काय लिहू?”

“लिवा काहीबी. तिनं आपल्या पायातलं काढून माह्या पोरीच्या पायात घातलं. भरल्या लग्नात बोडक्या पायानं उभी राह्यली थे. असं जे कोन करते, थे लिवा.”

डॉक्टरनं पेन उचललं आणि ‘आई’ लिहिलं.

उठताना जयवंताबाईनं मला पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. “हे बी राहू द्या अथीच. घरात नको.” किशोर खाली बघत पुटपुटला, “मावशी, तोरडी तुमी ठेवा.”

मैनाबाईनं मला हातसुद्धा लावला नाही. “नाई रे बाप्पा. त्या दिवशी तुही माय म्हने, चांदीसाठी रडून राहिली. मी मानूस नेतो. चांदी तुमची तुमी पाहा.”

दाराबाहेर तिचा आवाज आला, शीतपेटीतून रागिणीला काढणाऱ्या माणसांशी बोलताना. “हळू उचला रे. लेकुरवाळी हाये.”

तर अशी मी. नंबर घातलेल्या एका पाकिटात, डॉक्टरच्या कपाटात पडून आहे. आता मला कुणाच्या पायात जायचं नाही. तुमच्याकडून एवढंच हवं: मागून घ्या, खुशाल घ्या, द्याही. पण कुंपणावर उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल असं सांगून द्या. मागून घातलेल्याची लाज बाळगू नका. लाज वाटायच्या जागा दुसऱ्या आहेत.

आणि डॉक्टरबाई, तुमच्याकडंही एक मागणं. एक दिवस चांदी महाग होईल आणि कुणीतरी मला न्यायला येईल. मोर ओळखेल, वाकडी मान दाखवेल, आमच्या घरची म्हणेल. खरंच सांगत असेल तो. तरीही मला देऊ नका. त्याला आधी विचारा, रागिणीला न्यायचं होतं त्या दिवशी तुम्ही कुठं होता?